नाव एकाचे, हात चौघांचे

सरकारी कचेरीत माणसामाणसांतील वैराची कारणे शोधू गेल्यास ती बहुधा फार क्षुद्र निघतात. बढती, बदली, ज्येष्ठतेची यादी यांवरून होणारी भांडणे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांना निदान काही प्रतिष्ठा तरी आहे. परंतु पंख्याखालची जागा, खिडकीची झडप, कपाटाची किल्ली आणि अलीकडच्या काळात चौघांत मिळून असलेला एक संगणक यांच्यापायी जी मने कलुषित होतात, त्यांचा हिशोब कोणी ठेवीत नाही. हा लेख त्या संगणकाविषयी आहे. विषय हलका आहे हे आम्ही जाणतो. परंतु त्यातून जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो आम्हांला हलका वाटला नाही. आणि आमच्याप्रमाणेच परप्रांती नोकरीस असलेल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या टेबलावर तो कधी ना कधी येऊन बसला असेल, असा आमचा तर्क आहे.

आमची कचेरी कोलकात्यास आहे. शाखेत आम्ही चौघे. एक ज्येष्ठ बंगाली गृहस्थ, ज्यांना सगळे 'दादा' म्हणतात (मराठी माणसाला हा एक शब्द तरी नव्याने शिकावा लागत नाही), एक ओडिया भगिनी, स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारा बिहारचा एक तरुण, आणि आम्ही. कागदोपत्री शाखेला संगणक दोन. त्यांपैकी एक दोन पावसाळ्यांपूर्वीच निवर्तला. त्याच्या निर्लेखनाची फाईल पुष्कळ काळ फिरत होती आणि तोवर त्याचे कलेवर जुन्या फायली रचण्याच्या कामी येत होते. उरलेल्या एकावर चौघांचा संसार.

हा संसार कसा चालतो हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळावयाचे नाही. दादा टंकलेखन शिकले ते रेमिंग्टनच्या यंत्रावर. त्यामुळे हिंदीसाठी त्यांना तीच जुनी मांडणी लागते. आम्ही इनस्क्रिप्टवाले. तो तरुण रोमन अक्षरांत लिहितो आणि देवनागरी आपोआप उमटू देतो. सकाळी आपण बसावे, राजभाषेच्या तिमाही अहवालाची पहिली ओळ लिहू जावे, आणि पडद्यावर 'कार्यालय' या शब्दाच्या जागी कोणत्याच भाषेत न मोडणारे अक्षरजंजाळ उमटावे, हा आमचा नित्याचा मंगलारंभ. मांडणी बदलण्यास दोन क्षण पुरतात. परंतु ते दोन क्षण दिवसातून आठ वेळा आले म्हणजे मनात जो विचार येतो तो यंत्राविषयी नसतो, आपल्या आधी तेथे बसून गेलेल्या मनुष्याविषयी असतो. कोणी जतन न केलेले आपले काम बंद करून टाकतो. कोणी पडद्यावर आपले कुलदैवत स्थापितो, दुसरा त्यास हलवून बर्फाचे डोंगर आणतो. छापण्यास दिलेले टिपण आणावयास जावे, तर यंत्रातून कुणाच्या चिरंजिवांच्या शाळेचा प्रकल्प रंगीत चित्रांसह पान पान करून बाहेर येत असतो. एकदा कळफलक उलटा करून झटकला तेव्हा त्याच्या फटींतून मूठभर मुरी निघाली. आपल्याकडे ज्याला चुरमुरे म्हणतात त्या मुरीवर या शहराची संध्याकाळ चालते. ती मुरी कोणाची, यावर चौघांनीही एकमेकांकडे पाहिले. चौघेही मुरी खाणारेच होते.

या कटकटींत एक जात निराळी आहे. एके दुपारी आम्ही जागेवर बसलो, तो पडद्यावर ओडिया भगिनींचा बदलीचा अर्ज उघडाच राहिलेला दिसला. पहिली ओळ डोळ्यांखालून गेली यात आमचा दोष नव्हता. परंतु आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. आईच्या आजाराची हकीकत होती, घरची काही दुखणी होती, जी त्यांनी शाखेत कधी बोलून दाखविली नव्हती. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही त्यांच्याशी विशेष सौजन्याने वागलो. त्यांच्या वाट्याची दोन टिपणे आपण होऊन केली. त्यांना त्याचे नवल वाटले असावे. एकदोनदा त्यांनी आमच्याकडे संशयानेही पाहिले. ते सौजन्य चोरीच्या मालातून केलेल्या दानासारखे होते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

ही सारी दुःखे नवी आहेत असा समज असेल तर तो खरा नाही. संगणक जन्मला तोच मुळी सामाईक मालमत्ता म्हणून. प्रत्येकाच्या पुढ्यात एक यंत्र असावे ही चैन पुष्कळ नंतरची. आमच्याच शहराच्या उत्तरेस, बरानगर येथे महालनोबिसांच्या सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून संगणक आला. तो भारतातील पहिला म्हणून गणला जातो, आणि एका यंत्राभोवती अनेक गणिती व सांख्यिकी डोकी हीच त्या काळाची रीत होती. याच शहरात पुढे १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कचेरीत संगणक बसू नये म्हणून रात्रंदिवस पहारा केला. नोकऱ्या जातील ही भीती त्यामागे होती. ज्या वस्तूस दारातून आत येऊ न देण्यासाठी एका पिढीने जागरणे केली, तिच्यापुढे बसावयाची आपली पाळी केव्हा येते म्हणून दुसरी पिढी ताटकळत उभी असते; यावर हसावे की काय करावे, हे आम्हांला ठरविता आलेले नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे अशी योजना प्रत्यक्ष चालवून दाखविली. यंत्र एक आणि माणसे पुष्कळ; मग एकाचे कागद दुसऱ्याने पाहू नयेत याची काही तजवीज हवी. त्या तजविजीतून संगणकाचा पासवर्ड आला. आज जो शब्द आपण बँकेत, रेल्वेच्या तिकिटास आणि विजेच्या बिलासही वापरतो, तो सहकाऱ्यांबरोबर एक यंत्र वाटून घेण्याच्या अडचणीतून निघालेला आहे. आणि त्यावर मात करणारा पहिला महाभागही दूरचा कोणी चोर नव्हता. ॲलन शेर नावाच्या तेथल्याच संशोधकास आठवड्याला ४ तास मिळत, ते पुरेनात. म्हणून १९६२ साली त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वेळात आपले काम उरकले. पुढे १९६६ साली तर दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळे मजकूर दुरुस्त करीत बसले असता त्या मजकुरांची अदलाबदल झाली, आणि स्वागताचा संदेश म्हणून प्रत्येकाच्या पुढ्यात सर्वांचे पासवर्ड छापून आले. आमच्या शाखेत घडले ते यापुढे किरकोळच म्हणावयाचे. पण वेदना क्रमांकाने लहानमोठी होत नाही.

'पासवर्ड' यास मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द सुंदर आहे. तो गडाच्या दरवाजावरून आणि लष्कराच्या छावणीतून आला आहे. रात्री छावणीत शिरणाऱ्यास पहारेकरी हटकी, आणि त्याने त्या रात्रीचा ठरलेला शब्द उच्चारला म्हणजे त्यास आत सोडी. परंतु या दोन शब्दांत एक अंतर आहे, ते आमच्या ध्यानात उशिरा आले. छावणीची परवल सर्वांना एकच असे. ती सांगणारा अमुक नावाचा शिपाई आहे हे तिच्यावरून कळत नसे. तो आपल्यापैकी आहे एवढेच कळे. संगणकाच्या पासवर्डाचे काम नेमके उलट आहे. तो 'तू आमच्यापैकी आहेस' असे म्हणत नाही. 'तू तूच आहेस, दुसरा कोणी नव्हेस' असे म्हणतो. आमच्या कचेऱ्यांतून जो घोटाळा होतो तो यंत्रांच्या तुटवड्याने होतो हे खरे, पण त्याहून अधिक यामुळे होतो की आपण दुसऱ्या जातीची वस्तू पहिल्या जातीची समजून वापरतो.

आणि तशी ती वापरण्यात एक गोडवाही आहे, हे लपवून उपयोग नाही. आम्ही या शहरी प्रथम आलो तेव्हा भाषा येत नव्हती. शाखेत हास्यविनोद चाले तो आमच्या डोक्यावरून जाई. चहाच्या वेळी आमच्यासाठी म्हणून कोणी हिंदीत एखादे वाक्य बोले आणि पुन्हा सर्व बंगालीत बुडून जात. परप्रांती नोकरीचा पहिला महिना कसा असतो हे या अंकाच्या वाचकांस आम्ही काय सांगावे! रजेच्या नोंदी ज्या प्रणालीत होत तिच्यात शाखेपैकी एकट्या दादांच्या नावाचे खाते होते. बाकीच्यांच्या खात्यांची मागणी वर गेलेली होती आणि वरच होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दादांनी आम्हांला जवळ बोलावले, एका चिटोऱ्यावर पासवर्ड लिहून दिला आणि म्हणाले, आता तुमचे काम अडणार नाही. तो पासवर्ड म्हणजे त्यांच्या मुलीचे घरगुती नाव आणि तिच्या जन्माचे साल. बंगाली घरांत हे लाडाचे नाव बाहेरच्यास सहसा सांगत नाहीत. ते चिटोरे हाती आले तेव्हा आम्हांला जे वाटले ते कोणत्याही स्वागतसमारंभात वाटले नसते. त्या दिवसापासून आम्ही छावणीच्या आत होतो.

आता प्रसंगाकडे येतो.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या कचेरीतील एक वृद्ध शिपाई शाखेत येऊन उभा राहिला. सहाव्या वेतन आयोगानंतर शिपाई ही पदसंज्ञा गेली आणि तिच्या जागी लांबलचक इंग्रजी नाव आले. परंतु माणूस तोच, म्हणून आम्ही जुनाच शब्द ठेवतो. वर्षाअखेर तो निवृत्त व्हावयाचा होता. त्याचे म्हणणे, त्याच्या खात्यावरची अर्जित रजा २४ दिवसांनी कमी दिसते. वाचकांस ठाऊक आहेच की ही रजा सहामाहीस १५ दिवस याप्रमाणे जमा होते आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक राहिलेल्या रजेचे, ३०० दिवसांच्या मर्यादेपर्यंत, रोख पैसे मिळतात. २४ दिवस म्हणजे २४ दिवसांचा पगार आणि त्यावरचा महागाई भत्ता. आम्ही पडद्यावर पाहिले आणि शिल्लक बरोबर असल्याचे सांगितले. तो पुन्हा आला. पुन्हा सांगितले. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला की वर्षभरात मी एकदाच गावी गेलो, मार्चमध्ये, मुलीच्या लग्नाला. दोनदा कसा जाईन, मुलगी एकच आहे. तेव्हा कोठे आम्ही मुळाशी गेलो. लग्नाची ती २४ दिवसांची रजा एकदा योग्य रीतीने नोंदली गेली होती, आणि तीच रजा पुढे निराळ्या तारखा पडून दुसऱ्यांदा नोंदली गेली होती. चूक दुरुस्त झाली. त्याचे काही बुडाले नाही. तीन आठवडे मात्र तो म्हातारा टेबलाटेबलांशी हात जोडून उभा राहिला होता.

प्रकरण एवढ्यावर मिटावयाचे नव्हते. दुसरी नोंद कोणी केली याविषयी वरून विचारणा झाली. यंत्राने तत्काळ सांगितले: नोंद दादांच्या खात्यातून, अमुक गुरुवारी, दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी. दादांकडे खुलासा मागविण्यात आला. दादांनी दोन ओळींत लिहून दिले की नजरचुकीने हे माझ्या हातून घडले, पुढे काळजी घेईन.

त्या गुरुवारी दादा कचेरीतच नव्हते. नैमित्तिक रजेवर होते. हजेरीचे यंत्र तपासले असते तर कोणासही ते कळले असते. कोणी तपासले नाही. दादांना ते ठाऊक होते, आणि आम्हां तिघांनाही ठाऊक होते. परंतु 'मी त्या दिवशी नव्हतो' एवढे लिहिण्यासाठी त्यांना 'माझा पासवर्ड तिघांकडे आहे' हेही लिहावे लागले असते.

मग ती नोंद कोणाची? तिघांपैकी कोणाची तरी. त्या आठवड्यात रजेच्या अर्जांचा गठ्ठा पुष्कळ होता आणि जो मोकळा असेल तो चार चार अर्ज उरकीत होता. आम्ही आठवू लागलो. दुपारी चारनंतर पडद्यावर पश्चिमेचे ऊन पडते, तेव्हा उठून पडदा ओढल्याचे आम्हांला स्पष्ट स्मरते. परंतु तो गुरुवार होता की बुधवार? चार वाजता आम्ही खाली मातीच्या कुल्हडातला चहा घ्यावयास जातो. त्या दिवशीही गेलो असणार. 'असणार' हा शब्द येथे फार कामाचा आहे. स्मरणशक्ती ही आपली नोकर आहे आणि धन्याला काय हवे ते ती पाहून आणते. दोन दिवसांत त्या चहाची चवदेखील आम्हांला आठवू लागली.

कागदाच्या राज्यात हे असे झाले नसते. जुन्या सेवापुस्तकांची पाने उलटली तर शाईच्या रंगावरून, 'र'च्या शेपटीवरून, कोणत्या बाबूचा हात आहे ते आजही सांगता येते. त्यांतले कित्येक बाबू आता हयातही नसतील. ज्याने लिहिले त्याचा हात त्या लिखाणात राहून जाई. म्हणून तर मराठी राज्यात पत्राचा मजकूर संपेल तेथे मोर्तब उठवीत, की त्याखाली दुसऱ्या कोणास ओळ वाढविता येऊ नये. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाची जी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्यात 'ध'चा 'मा' कोणी केला याचा निकाल इतिहासाने अजून निर्विवाद दिलेला नाही; मुळात तसे काही झाले की नाही याचीही अभ्यासकांस शंका आहे. परंतु त्या गोष्टीत निदान एक लेखणी आणि ती धरणारा एक हात गृहीत आहे. आमच्या पडद्यावर सर्वांचे 'ध' सारखे आणि सर्वांचे 'मा' सारखे. अक्षरास हात उरला नाही, नाव तेवढे उरले. आणि ते नाव त्या दिवशी घरी होते.

त्या आठवड्यात आम्ही स्वतःशी केलेले युक्तिवाद येथे नमूद करतो. पहिला असा की, खात्री नसताना कबुली देणे हेही असत्यच. मी केले असे म्हणावे आणि केले नसेल तर? दुसरा असा की तिघांपैकी प्रत्येकावर दोष येण्याचा संभव एक तृतीयांश, तेव्हा प्रत्येकाचे मौन दोन तृतीयांश तरी न्याय्य. यातील लबाडी हिशोबाच्या माणसाला लगेच दिसावयास हवी होती. चूक ही भाकरी नव्हे की तिचे तीन तुकडे करून वाटाव्यात. त्या शिपायाची आठ आठ दिवसांची रजा तिघांनी कापली नव्हती. चोवीसच्या चोवीस दिवस कोणा एकाच्या बोटाने कापले होते. तिसरा युक्तिवाद तत्त्वज्ञानाचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणारा नीट पाहत नाही, असेही तेथे म्हटले आहे. हा विचार आम्हांला त्या चारपाच दिवसांत जितका पटला तितका आयुष्यात पूर्वी कधी पटला नव्हता. एरवी, वार्षिक अहवालात आपल्या कामाचे श्रेय नोंदविण्याची वेळ येते तेव्हा आम्ही दैवास आणि करणास एक ओळही देत नाही. गरजेच्या वेळी दारात येऊन उभे राहणारे तत्त्वज्ञान जरा संशयानेच आत घ्यावे.

कायद्याची बाजूही पाहिली; कारकुनाला त्यावाचून चैन पडत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चा. त्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या ६६-ग या कलमान्वये दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा आहे आणि त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कपटाने किंवा अप्रामाणिकपणे! आमच्याकडे कपट नव्हते. पासवर्ड धन्याने स्वहस्ते दिला होता, आणि वापर सरकारच्या कामासाठीच होता. कायद्याच्या जाळीतून आम्ही सुखरूप बाहेर आलो आणि तरीही रात्री झोप नीट लागेना. अपराध नव्हता, पण दुसरा मनुष्य आमच्या जागी उभा होता.

या ठिकाणी एक भाषेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लेख लिहिताना 'आम्ही' म्हणण्याची रीत आम्हांला वाडवडिलांच्या निबंधांतून मिळाली आहे आणि ती आम्हांस प्रिय आहे. परंतु या प्रकरणाविषयी लिहिताना जाणवले की हा 'आम्ही' म्हणजे दादांच्या खात्यासारखाच आहे. त्याच्या आड एक मनुष्य आहे की चार, हे वाचणाऱ्यास कळत नाही.

शेवटी एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर आम्ही दादांबरोबर ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेलो आणि म्हणालो, "दादा, ती नोंद बहुधा माझ्याच हातची." ते थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "बहुधा? मग बहुधा नसेलही. माझी अडीच वर्षे राहिली आहेत, मला बढती यायची नाही. त्या पोराची परीक्षा आहे, बाईंचा बदलीचा अर्ज वर आहे. तुम्ही एक नाव सांगाल, ते तिन्ही विचारतील. नाव माझे होते, चूक माझी झाली. यात खोटे काय आहे?" एका अर्थी त्यांचे म्हणणे खरे होते. परवल ज्याने दिली, दरवाजाची जबाबदारीही त्याचीच. परंतु ते ज्या स्वरात बोलले त्यात नियमाची भाषा नव्हती. घरातला वडीलधारा मनुष्य मुलांनी फोडलेल्या काचेबद्दल शेजाऱ्याची क्षमा मागतो, तो स्वर होता. आणि आम्ही मुले नव्हतो. पस्तिशीचे, पदवीधर, स्वतःच्या पगारावर घर चालविणारे गृहस्थ होतो.

त्यांच्या इच्छेविरुद्ध आम्ही टिपण दिले. ते हिंदीत लिहावयाचे होते आणि त्यात 'हम' चालण्याजोगे नव्हते. 'मैं' लिहावे लागले. मी त्या खात्याचा पासवर्ड जाणत होतो व नित्य वापरीत होतो. सदर दिवशी खातेदार रजेवर होते. सदर नोंद माझ्या हातून झाली असणे शक्य आहे, परंतु खात्रीने सांगता येत नाही. जेवढे निश्चित ठाऊक होते तेवढे, त्याहून एक अक्षर अधिक नाही. इतर दोघांविषयी काही लिहिले नाही. अर्थातच त्यांच्याविषयी विचारण्यात आले.

या कथेचा शेवट सुखाचा व्हावा अशी वाचकांची अपेक्षा असेल तर आमचा नाइलाज आहे. दादांचा भार हलका झाला नाही. नजरचुकीबद्दल त्यांना तोंडी समज मिळाली असती. आता पासवर्ड दुसऱ्यांस दिल्याबद्दल आणि खुलाशात ते न सांगितल्याबद्दल लेखी मिळाली. आम्हांलाही लेखी मिळाली, आणि ती योग्यच होती. इतर दोघांस बोलावून विचारण्यात आले व सोडून देण्यात आले. तो तरुण त्यानंतर महिनाभर आमच्याशी कामापुरते बोलला. ओडिया भगिनी म्हणाल्या की तुम्ही खरे तेच केलेत. पण त्या दिवसापासून त्यांनी आपला डबा निराळ्या टेबलावर उघडण्यास प्रारंभ केला. आम्ही केले ते दादांसाठी केले की स्वतःच्या झोपेसाठी, हा प्रश्न आम्ही स्वतःस अनेकदा विचारला आहे. झोप येऊ लागली, एवढे खरे. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करू असे आम्हांला वाटते. मात्र त्यामुळे दादांचे भले झाले असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही.

एक गोष्ट मात्र त्वरित झाली. दीड वर्ष वर अडकलेली खात्यांची मागणी आठ दिवसांत मंजूर होऊन आली, आणि निवर्तलेल्या यंत्राच्या जागी पुढल्या महिन्यात नवे यंत्रही आले. आता चौघांस चार नावे आहेत, आणि दोन यंत्रे. प्रत्येकाची मांडणी त्याच्या नावासरशी आपोआप येते. रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट यांचा तंटा मिटला. कोणाचा अर्ज कोणास दिसत नाही. उठताना प्रत्येक जण यंत्रास कुलूप घालून उठतो, आणि जो विसरतो त्यास दुसरा आठवण देतो, पूर्वी दिली नसती इतक्या औपचारिक शब्दांत. मुरी अजूनही कळफलकात सांडते.

परवा दुपारी दादा आपले यंत्र तसेच उघडे ठेवून औषध घ्यावयास बाहेर गेले. रजेचे पान समोर होते. आमच्याकडे एक अर्ज घाईचा होता आणि दुसऱ्या यंत्रावर तो तरुण बसला होता. दोन मिनिटांचे काम होते. आम्ही हात लांब करून दोन कळा दाबल्या, पडद्यास कुलूप घातले, आणि बाजूच्या खुर्चीवर अर्ज मांडीवर घेऊन बसून राहिलो. दादा परत आले, त्यांनी बंद पडद्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. ते पासवर्ड टंकू लागले तेव्हा आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.